जुन्या पांढरीवर

मानमोडीच्या साथीत धसईकडचं ते गाव उठलं आणि ओढ्यापलीकडच्या टेपाडावर जाऊन बसलं. जुन्या जागी उरली पिढ्यान्‌पिढ्यांच्या चुलींनी पांढरी पडलेली माती, तिच्यावर करवंदीच्या जाळ्या, आणि कुठंतरी जोत्यामागं पुरलेली धोंडूबाईची तान्ही लेक. याला वीस पावसाळे झाले. जोती सपाट झाली. कुठलं घर कुणाचं, ते सांगायला आता भुतंच काय ती उरली होती. भर दुपारी तिकडून तान्ह्याचं रडणं येतं, असं धोंडूबाई म्हणायची. गाव म्हणायचं, बाईला वारं लागलंय.

दीर सावळाराम मात्र तिथं बेधडक जाई. मुंबईच्या एका हौशी वकिलाला जुन्या वस्तूंचा नाद होता, आणि सावळारामला त्या शोधण्याचा. आज धोंडूबाई त्याच्या मागोमाग निघाली.

"जागा कशी वळखता, भावजी?"

"घूस सांगते. तिनं बिळातनं उकरलेली माती बघायची. राख, खापऱ्या दिसल्या की खाली जुनं घर. मणी दिसला की फावडं लावायचं. पन तुमी कशाला आल्या?"

"माजी पोर तुमच्या फावड्याखाली यायला नको, म्हनून."

सावळाराम ओशाळला. "बरं. बघत ऱ्हावा."

चिंचेखालच्या एका बिळापाशी लाल मणी चमकला. हातभर खणल्यावर मडकं लागलं, तोंडावर वाडगा पालथा घातलेला. सावळारामनं वाडगा उचलला. आत काडीएवढी हाडं आणि लाल मण्यांची इवलीशी माळ.

ओढ्यापासून धोंडूबाईच्या कानात चाललेलं रडणं थांबलं.

तिनं लेकीला लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून निजवलं होतं, मनगटाला काळे मणी बांधून. मडकं कुठलं? ही पोर फार फार जुन्या कुणा बाईची. वाडगा पालथा घालताना तिचाही हात अडला असेल.

"झाका," ती म्हणाली. "माजीच हाय."

"वयनी, ह्ये मडकं..."

"आईला कळत नाय होय? झाका म्हनते ना!"

त्यानं झाकलं. तिनं हातांनी माती थोपटली.

"चला, तुमची गावली," सावळाराम हलक्या मनानं म्हणाला. "आता बाकीची पांढरी खनायला मोकळी."

करवंदीच्या जाळीमागून रडणं पुन्हा सुरू झालं, आणि हे मात्र ओळखीचं होतं. सावळाराम फावडं घेऊन तिकडंच वळला.

"भावजी," ती घाईनं म्हणाली, "जुळ्या होत्या."

सावळारामनं भावजयीकडं पाहिलं. त्या घरातल्या एकुलत्या पाळण्याची दोरी त्यानं स्वतः ओढली होती. आत पोर एकच होती.

तरी त्यानं फावडं खाली ठेवलं.