चौदा मिलीमीटर

मैदानालगतच्या इमारतीत, तळमजल्यावर, बुटांच्या खोलीला लागून क्लबच्या डॉक्टरांची खोली होती. खिडकीची खालची अर्धी काच दुधी होती. वरच्या अर्ध्यातून गोलपोस्टचा आडवा दांडा तेवढा दिसे. डॉक्टरबाई नऊ वर्षं त्या खोलीत बसत होत्या आणि नऊ वर्षं एकच भीती त्यांना पुरून उरली होती. सामन्याच्या दिवशी त्या बाकाच्या टोकाला, हृदयाला झटका देणारं यंत्र मांडीवर घेऊन बसत. मैदानावर कोणी पडला की लोक पंचांकडे बघत. बाई पडणाऱ्याच्या हातांकडे बघत. पाय अडकून जो पडतो तो हात पुढे करतो. जो हात पुढे न करता पडेल, त्याच्याकडे धावायचं. तसा अजून कोणी पडला नव्हता. पण दर सामन्यात नव्वद मिनिटं त्या तेवढ्याचीच वाट बघत, आणि शेवटची शिट्टी झाली की पाठीवरचा घाम गार लागे.

आज तपासणीच्या टेबलावर जो आडवा झाला होता त्याला क्लबात सगळे पाहुणा म्हणत. छत्तीस वर्षांचा स्ट्रायकर, परदेशातला, एके काळी नावाजलेला. त्याला घ्यावं की नाही यावरून क्लबात गेला महिनाभर डोकेफोड चालली होती. संघ तळाला होता. सात सामन्यांत एकही गोल नव्हता. समितीतले अर्धे म्हणत, हा जुन्या नावावर जगतोय, याला आणून काय हारतुरे घालायचे? उरलेल्या अर्ध्यांना दादाने वळवलं होतं. दादा म्हणजे क्लबचा सचिव, आणि बाईंचा सख्खा थोरला भाऊ. त्याने भर बैठकीत सांगून टाकलं होतं, की हा माणूस संघाला वर काढील, नाहीतर मी खुर्ची सोडतो. प्रशिक्षकाचंही मत तेच. तो म्हणाला होता, आपले सगळे फॉरवर्ड मिळून जेवढे गोल करतात तेवढे हा तापाने फणफणलेला असतानाही करील.

खेळाडू घेण्याची मुदत आज संध्याकाळी पाचला संपत होती. घड्याळात साडेतीन झाले होते.

बाईंनी पाहुण्याच्या छातीवर जेल लावलं, प्रोब टेकवला आणि पडद्यावर त्याचं हृदय उघडझाप करू लागलं. डाव्या कप्प्याची भिंत त्यांनी मोजली. चौदा मिलीमीटर. पुन्हा मोजली. चौदा. हात पुसून, श्वास रोखायला खुणेने सांगून तिसऱ्यांदा मोजली. आकडा हलेना.

बारापर्यंत बाई निर्धास्त असत. सोळाच्या पुढे वाद नसे. मधला पट्टा म्हणजे निसरडी वाट. वर्षानुवर्षं धावणाऱ्याचं हृदय हमालाच्या दंडासारखं जाड होतं आणि त्यात काही वावगं नसतं. पण एका आजारातही भिंत अशीच जाड होते, आणि तो आजार असलेला माणूस धडधाकट दिसता दिसता धावताना कोसळतो. दोघांत फरक करायची एक साधी रीत आहे: विश्रांती. धावपटूने तीन-चार महिने धावणं सोडलं की त्याची भिंत पातळ होते. आजाऱ्याची होत नाही.

म्हणून बाईंनी पाहुण्यासोबत आलेल्या दलालाला विचारलं, याने शेवटचा सराव कधी केला? दलाल हाच पाहुण्याचा दुभाषी. पाहुण्याला जुन्या क्लबाने मागच्या हंगामात सोडलं होतं. दलालाने त्याला न विचारताच उत्तर द्यायला तोंड उघडलं. बाईंनी हाताने थांबवलं आणि आधी विचारायला लावलं. दोघं आपल्या भाषेत बराच वेळ बोलले. उत्तर मात्र आखूड आलं.

“रोज करतो. एक दिवस खाडा नाही. घरामागच्या टेकडीवर पळतो.”

बाईंच्या जिवात जीव आला. रोज पळणाऱ्याला चौदा म्हणजे चालण्यासारखं. ईसीजीच्या काही लहरी उलट्या होत्या, पण त्याही खेळाडूंत कधीमधी सापडतात. त्यांनी फॉर्म पुढे ओढला. दाराशी दादा येरझारा घालत होता. तो डोकावून म्हणाला, “झालं का गं? लहानपणी दुधावरची साय मोजून घ्यायचीस, तशी किती वेळ मोजणार आहेस?” दलाल फोन कानाला लावून व्हरांड्यात गेला आणि दादाही त्याच्या मागे.

पाहुणा टेबलाच्या काठावर बसून मोजे घालत होता. डावा घालून झाला. उजवा पाय वर घेतला तेव्हा बाईंची नजर अंगठ्यावर गेली आणि हातातलं पेन थांबलं.

नऊ वर्षांत त्यांनी शेकड्याने पाय पाहिले होते. फुटबॉल खेळणाऱ्याच्या अंगठ्याचं नख बुटात ठेचून काळं पडतं. एक काळेपणा वाढून बाहेर जातो तोवर दुसरा येतो. पाहुण्याचं नखही काळं होतं, पण टोकाशीच. मुळाकडून ते स्वच्छ, गुलाबी वाढत आलं होतं. बाईंनी खणातून मोजायचा चिमटा काढला आणि त्याला काही कळायच्या आत नखाला लावला. आठ मिलीमीटर. पायाच्या अंगठ्याचं नख महिन्याला दीड-पावणेदोन मिलीमीटर वाढतं.

पाच महिने या पायात बूट चढला नव्हता.

त्यांनी भिंतीवरचं कॅलेंडर उतरवून त्याच्या मांडीवर ठेवलं, आधी नखाकडे आणि मग महिन्यांकडे बोट दाखवलं. पाहुण्याने दाराकडे पाहिलं. दार लोटलेलं होतं. त्याचा चेहरा उतरला. पकडलं गेल्याची भीती होती ती. आळशी म्हणून हाकलतील याची. मग त्याने हळूहळू पानं उलटी चाळली आणि पाच महिन्यांपूर्वीच्या एका तारखेवर बोट ठेवलं. दोन्ही हातांनी हवेत स्टिअरिंग फिरवलं, खोकं उचलल्यासारखं केलं, दारावरची घंटा दाबल्यासारखं केलं. गाडीवरून लोकांची खोकी घरपोच करत होता तो. टेकडीबिकडी काही नव्हतं.

ज्या एका गोष्टीने त्याचा जीव वाचायचा, नेमकी तीच त्याने लपवली होती. आणि ती लपवल्यामुळेच पडद्यावरचं हृदय निरोगी ठरलं होतं.

त्याने ओठांवर बोट ठेवलं. कोणाला सांगू नका. मग बाईंचा चेहरा पाहून त्याला काय वाटलं कोण जाणे, तो टेबलावरून उतरला आणि जागच्या जागी धावू लागला. गुडघे छातीला लावत, जोरात, आणखी जोरात; बघा, अजून दम आहे. फरशी दणाणली. कपाटातल्या बाटल्या किणकिणल्या. बाई उभ्या राहिल्या त्या थिजल्यासारख्या. झटक्याचं यंत्र कोपऱ्यातल्या कपाटात होतं, कपाटाची किल्ली पर्समध्ये, पर्स खणात. त्यांची नजर त्याच्या हातांवर खिळली. मग भान येऊन त्यांनी त्याचे दोन्ही दंड गच्च धरले आणि त्याला खाली बसवलं. तो धापा टाकत हसत होता. बाईंचे हात त्याच्या दंडांवरून लवकर सुटेनात.

चार वाजून दहा मिनिटांनी त्यांनी पाहुण्याला बाहेर बसवलं आणि दादाला आत बोलावून सगळं सांगितलं. दादा खुर्चीत बसला. आजार नक्की आहे का, त्याने विचारलं. नक्की नाही, बाई म्हणाल्या. माझा अंदाज दहातले सात. नक्की करायला मोठ्या यंत्रावर तपासावं लागेल, त्याची तारीख पुढच्या आठवड्यातली.

“म्हणजे दहात तीनदा तू एका चांगल्या माणसाला आयुष्यातून उठवशील.”

“हो,” बाई म्हणाल्या. हेच त्या मघापासून स्वतःला सांगत होत्या.

दादाने चष्मा काढून डोळे चोळले. मग तो जे बोलला त्यात त्याचा स्वतःचा काही फायदा नव्हता. फुटबॉल संघटनेच्या फॉर्मवर दोनच चौकटी होत्या, योग्य आणि अयोग्य. अयोग्यवर खूण झाली की फॉर्म त्याच दिवशी संघटनेकडे जाई आणि सगळ्या क्लबांना दिसे. मग त्या खेळाडूला कोणी दारात उभं करत नसे. म्हणून ती खूण कोणी करतच नसे. नको असलेल्याचा फॉर्म कोरा ठेवायचा आणि वर्तमानपत्रांना सांगायचं, अटी जुळल्या नाहीत. सगळे क्लब हे सौजन्य पाळत.

“कोरा ठेव,” दादा म्हणाला. “माझी फजिती मी निस्तरतो. उद्या मी सचिव नसेन, पण त्याचं नाव तरी शाबूत राहील.”

व्हरांड्यातून दलालाचा आवाज येत होता. त्याला वास लागला असावा. तो दुसऱ्या कुठल्या क्लबाशी बोलत होता, आत्ता निघालो तर पावणेपाचला पोचतो म्हणत होता. बाईंनी कोणता क्लब ते विचारलं. दादाने सांगितलं आणि नजर वळवली. त्या क्लबात डॉक्टर नव्हता, नुसता शिक्का होता.

“दादा, कोरा फॉर्म म्हणजे तिथे पडू दे, माझ्यासमोर नको. एवढाच त्याचा अर्थ.”

दादाने चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला.

बाईंनी पाहुण्याला आणि दलालाला आत बोलावलं. दलालावर भरवसा नव्हता, म्हणून पाहुण्याला पडद्यासमोर बसवलं. मोजायचा चिमटा अकरावर उघडला आणि स्वतःच्या छातीला लावून दाखवला. मग चौदावर उघडून त्याच्या छातीला लावला. कागदावर धावणारा माणूस काढला, बाजूला तोच माणूस आडवा काढला. चित्रकला त्यांना कधीच येत नव्हती; काड्यांचीच माणसं ती. आडव्या माणसाचे हात त्यांनी अंगालगत काढले. मग फॉर्म घेतला आणि त्याच्या डोळ्यांदेखत अयोग्यच्या चौकटीत खूण केली. पेन कागदातून आरपार गेलं.

दलालाने कपाळावर हात मारला आणि दादाकडे वळून, ही बाई कोण लागते तुमची, असं तुटक विचारलं. बहीण, दादा म्हणाला. पाहुणा चौकटीकडे बघत होता. डझनभर क्लबांत त्याने हा फॉर्म पाहिला असणार. भाषा कुठलीही असो, कुठली चौकट कशाची हे त्याला ठाऊक होतं. त्याने बाईंकडे पाहिलं, घरात शिरलेल्या चोराकडे बघावं तसं. चित्राचा कागद मात्र त्याने उचलला, घडी घातली, आणि पिशवी खांद्याला लावून निघून गेला.

“दे इकडे,” दादा म्हणाला. “मी पाठवतो.” त्याच्या खिशात फोन वाजत होता. फोन न उचलताच तो फॉर्म घेऊन गेला.

खोलीत बाई एकट्या उरल्या. दहातले तीन. तीन म्हणजे काही थोडे नव्हेत. या माणसाच्या पायांतलं काम त्यांनी अंदाजावर काढून घेतलं होतं, आणि तो अंदाज चुकला असेल तर ते त्यांना कदाचित कधी कळणारही नव्हतं.

बाहेर बसचा हॉर्न वाजला. बाई स्टुलावर चढून खिडकीच्या वरच्या काचेतून बघू लागल्या. मैदानापलीकडच्या फाटकाशी बस उभी होती. दलाल पुढे धावत जाऊन चालकाला हात करत होता आणि पाहुण्याला ओरडून बोलावत होता. पाहुणा मैदानाच्या मधोमध होता. तो धावू लागला. शिकवावं न लागलेलं, लांब टांगांचं धावणं. पलीकडच्या पेनल्टीच्या खुणेजवळ पोचला. बाईंनी खिडकीची चौकट पकडली. त्या त्याच्या हातांकडे बघत होत्या.

मग त्याचा वेग कमी झाला. तो थांबला. पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेतली, उजवा तळवा छातीवर ठेवला आणि तसाच काही वेळ उभा राहिला, जणू आत कोणी आहे का ते बघतोय. दलाल ओरडतच होता. बस हलली, फाटकाबाहेर वळली.

पाहुणा छातीवरचा हात न काढता चालू लागला, एकेक पाऊल जपून, घसरणीवरून उतरावं तसा. तो फाटकापर्यंत पोचेतो बाई स्टुलावरून उतरल्या नाहीत.