शेवटून दुसरं पान

राजेरजवाड्यांच्या काळातले खून रंगवण्यात लेखकाची हयात गेली. हस्तलिखित आधी बायको वाचायची आणि खुनी ओळखला की त्या पानावर पेन्सिलीनं खूण करायची. खूण नेहमी शेवटून दुसऱ्या पानावर असे; तेवढ्यावर स्वारी वर्षभर खूश.

ती जाऊन महिना झाला. नव्या हस्तलिखितात खूण सापडेना, म्हणून त्यानं लेकीला विचारलं.

“बाबा, आई विसाव्या पानालाच ओळखायची. तुमचं मन राखायला खूण शेवटी करायची. हे तर तिनं उघडलंही नाही. कादंबरीचं नाव ऐकूनच म्हणाली, खुनी पहारेकरीच असणार.”

पहारेकरीच होता. लेखकाला ना राग आला, ना रडू. त्यानं पेन्सिल घेतली आणि शेवटून दुसऱ्या पानावर खूण केली.