तीन अक्षरांचं घराणं

बायको गेली तेव्हा तिचा कोश लिहून झाला होता, फक्त छापायचा राहिला होता. आपल्या बोलण्यातले अरबीतून आलेले शब्द तिने गोळा केले होते. एका शब्दाला एक कार्ड आणि एका घराण्याच्या कार्डांना एक दोरा, माझ्या शिलाईच्या दुकानातला. संपादकबाई सोमवारी ती कार्डं न्यायला येणार होत्या.

रविवारी दुकानातून आलो तर धाकटी बहीण घाम पुसत बसलेली. ती शाळेच्या ग्रंथालयात असते.

"दादा, वहिनीचा पसारा लावून टाकला. अ पासून ज्ञ पर्यंत!"

सोडलेले दोरे केराच्या टोपलीत होते. मी ते एकेक करून बाहेर काढले. मला अरबी ओ की ठो कळत नाही. तिची सगळी मेहनत माझ्याच घरात मोडली होती.

"कुणी सांगितलं होतं तुला?"

"चांगलं करायला गेले रे," ती रडवेली झाली.

समोर 'हुकूम'चं कार्ड होतं. भाजी चिरताना बायको म्हणायची, "स्वर गाळा आणि उरेल ते ऐका. बहुतेकांच्या पोटात तीनच अक्षरं असतात." ह, क, म.

"हाकिम आहे का बघ."

"आहे. 'अंमलदार' लिहिलंय. हुकूमतही आहे. पण हकीम तर वैद्य, तो कसा यांच्यात?"

"काय लिहिलंय तिने?"

"शहाणा, म्हणून वैद्य."

"मग घे. शहाण्यानेच हुकूम सोडावा."

"तरीच तुझं घरात कुणी ऐकत नाही," ती नाक ओढत म्हणाली.

मग आम्ही मोठमोठ्याने वाचतच सुटलो. कातिब म्हणजे लिहिणारा, किताब, मकतब म्हणजे शाळा. हजर, हजेरी, हुजूर. 'गैरहजर' हातात आला तेव्हा मी थोडा थांबलो. बहिणीने तो हळूच काढून घेतला आणि हजरच्या गठ्ठ्यात ठेवला. संध्याकाळपर्यंत सगळे दोरे बांधून झाले.

सोमवारी संपादकबाईंनी एकेक गठ्ठा तपासला. आम्ही दोघं भिंतीला टेकून उभे. मध्येच त्या हसल्या आणि हजरच्या गठ्ठ्यातून एक कार्ड काढलं.

"हिजरी इथला नाही. त्याचा ह वेगळा, ज पण वेगळा. मराठीत दोन्ही सारखेच ऐकू येतात. बाकी सगळं वहिनींनी लावल्यासारखंच आहे."

मी दुकानातून नवा दोरा आणला आणि एकट्या हिजरीला बांधला.

"आता याला हात लावलास तर बघ."

"नाही रे बाबा," ती म्हणाली. "चहा टाकू का?"

कितीतरी दिवसांनी मला चहा हवासा वाटला.