कोंडाबाईची केस आणि मी

मी एक जुना स्टेथोस्कोप आहे, पण शिनोलीच्या फाट्यावर मला त्या नावानं कुणी हाक मारत नाही. इथं मी नुसती 'नळी'. "डॉक्टर, नळी लावा की राव जरा!" असं कुणी म्हटलं की मी खुंटीवरून उतरलोच. मित्रांनो, माझी कहाणी सांगायला बसलोय खरा, पण आधीच सांगतो, सध्या माझं डोकं ठिकाणावर नाही.

माझा जन्म कुठल्याशा कारखान्यात झाला. पुण्याच्या दुकानातून सोपान डॉक्टरांनी मला घेतलं तेव्हा तेही माझ्यासारखेच नवे कोरे होते. मग काय, डोंगरातल्या वाड्यावस्त्यांवरून माणसं यायची आणि मी छातीछातीला लागायचो. "हाताला गुण हाय डाक्टरच्या," असं लोक म्हणत. हात त्यांचा, पण कान मी होतो ना! मला फार बरं वाटायचं.

एक रीत मात्र होती. मोठ्या बायका तपासायला आल्या की डॉक्टर मान दुसरीकडं वळवायचे आणि मला पदरावरूनच टेकवायचे. जाड लुगड्याचा पदर, आत चोळी. मला काय ऐकू येणार? नुसती कापडाची खसखस! डॉक्टर म्हणायचे, "हं, झालं." आणि बाहेर ओट्यावर बायका म्हणायच्या, "लई मर्यादेचा माणूस!"

कोंडाबाई त्यांतलीच एक. वरच्या वाडीत तिची भातखाचरं आहेत. चढ चढताना तिला धाप लागायची. डॉक्टर म्हणाले, "दमा आहे. चुलीच्या धुरात बसू नका." गोळ्या झाल्या, तोंडात ओढायचा दम्याचा पंप झाला. वर्षांमागून वर्षं गेली. धाप काही गेली नाही.

एकदा भाताच्या लावणीत कोंडाबाई चिखलातच कोसळली. तिची लेक मंगल चाकणला कंपनीत कामाला आहे. तिनं आईला थेट पुण्याला नेलं. तिथले डॉक्टर म्हणाले, हृदयाची झडप आखडलीय, आणि हे काही आजचं नाही. वर असंही विचारलं, "याचा आवाज येतो. इतक्या वर्षांत कुणी छाती नीट ऐकली नाही का?"

झालं! झडप बदलली, कोंडाबाई वाचली आणि मंगलनं सोपान डॉक्टरांवर ग्राहक मंचात केस टाकली.

नोटीस आल्यापासून दवाखान्याची कळाच गेली. वकील म्हणाले, "'छाती व्यवस्थित तपासली होती' असं उत्तर देऊ. तुम्ही फक्त सही करा, आणि त्या बाईला आता हात लावू नका." डॉक्टरांची सही काही होईना. मी आपला खुंटीला लटकलेलो. जो येईल त्याला डॉक्टर मंचरला एको, म्हणजे मशीनवर हृदयाची तपासणी, करायला पाठवू लागले. गेणभाऊ सर्दी घेऊन आले, त्यांनाही एको! "आवं डाक्टर, नाक वाहतंय माजं, काळीज न्हाई!" म्हणत म्हातारा तणतणत गेला.

आणि एके दिवशी कोंडाबाईच दारात! मागून मंगल धावत आली.

"आये, आपली केस हाय ह्यांच्यावर!"

"केस तुजी. छाती माजी," कोंडाबाई म्हणाली. "आन डाक्टर तर आपला ह्योच हाय. लावा वो नळी."

डॉक्टर गांगरले. पण खुंटीवरून मला काढलंच. सवयीनं मान वळली, हात पदराकडं गेला. तेवढ्यात कोंडाबाईनं स्वतःच पदर बाजूला सारला. "पुण्यात समद्यांनी बघितलं. आता कसली लाज?"

मित्रांनो, पहिल्यांदा मला तिचं काळीज ऐकू आलं. नव्या झडपेची टिकटिक, अगदी स्वच्छ. मला रडूच आलं असतं, पण आम्हाला डोळे नसतात.

डॉक्टर खुर्चीत बसले. "मंगल, मी हे कधी ऐकलंच नव्हतं गं. पदरावरून ऐकत राहिलो."

"तसं मंचात लिहून द्याल?"

"अगं, मीच पदर हलू दिला नसता," कोंडाबाई मधे पडली. "उठून गेले असते मी."

"तुला कळत नव्हतं, आये. ह्यांना कळत व्हतं."

डॉक्टरांनी वकिलांचा कागद टेबलावरून बाजूला सारला. मग म्हणाले, "बरोबर आहे तुझं. वकिलांचं उत्तर मी देत नाही. खरं तेच लिहून देतो."

"केस मी मागं न्हाई घ्यायची."

"नकोच घेऊ."

"मग आईला परत कधी आणू?"

"पुढच्या बाजारच्या दिवशी आण."

आता सांगा, ह्यात मी काय समजू? भला माणूसही चुकतो, आणि भला असला म्हणून चूक काही पुसली जात नाही. तुम्ही मात्र एवढं करा. आजी, आत्या दवाखान्यात निघाली की सोबत जा. लाजली तर चादरीचा आडोसा धरा, पण नळी अंगालाच लागू द्या.

मंचातली तारीख जवळ आलीय. कोंडाबाईनं लेण्याद्रीच्या गणपतीला नवस बोललाय, नव्या झडपेनिशी सगळ्या पायऱ्या चढून येईन म्हणून. मागणं काय, तर लेकीला केस जिंकू दे, आन डाक्टरला कायबी होऊ देऊ नको. गणपतीनं तरी करायचं काय?