बाहेर वळलेला ओठ

पांढरकवड्याच्या त्या जिनिंगमध्ये कापसातून सरकी काढणारे चार रेचे होते आणि ते सांभाळणारा फिटर एकच, घनश्याम. हात गुणी, पण डोक्यात नको तितकी अक्कल. ऑइल सील म्हणजे फिरत्या दांड्याभोवती बसणारी रबरी कडी. तिचा ओठ तेलाकडे ठेवायचा, म्हणजे तेल आतच राहतं. धूळ असेल तिथे दोन ओठांचा सील लागतो, एक तेलाला अडवायला, दुसरा धुळीला. यंदा बाजारात मिळाले ते एका ओठाचे, साध्या काळ्या रबराचे. रुईचे तंतू आत शिरले की गिअरची वाट लागते, म्हणून या शहाण्याने ओठ बाहेरच्या बाजूला केला. चारही रेच्यांना.

दुपारी डबा उघडताना त्याला जळक्या तेलाचा वास आला. दुसऱ्या रेच्याखाली तेल ठिबकत होतं, त्यात अडकलेली रुई तपकिरी पडली होती. पाच हातांवर, कापसाच्या ढिगात त्याची बायको शकुबाई कचरा वेचत बसली होती. एक ठिणगी, की संपलं. घनश्यामने धावत जाऊन रेच्याचा खटका ओढला.

मॅनेजर मधुसूदन धावत आला. कापसाचा भाव रोज पडतोय, गाड्यांची रांग हायवेला टेकलीय, आणि हा रेचा थांबवतो!

"काहून बंद केला रे?"

"तेल गळून राह्यलं, साहेब. दांडा तापला."

मधुसूदनने वाकून पाहिलं आणि कपाळावरचा घाम पुसला. "सीलच खराब निघाला म्हणायचा. बरं झालं तुझं ध्यान गेलं, आज वाचवलं तू." त्याने पाठ थोपटली. घनश्यामने मान डोलावली. नोकरी वाचली म्हणून त्याला बरंही वाटलं, आणि त्याचीच लाज वाटली.

"बायांनो, इथं नका बसू. चौथ्या रेच्याकडे जा!" मधुसूदन ओरडला.

शकुबाई टोपली उचलून निघाली. चौथा रेचा घरघरत होता, त्याच्याखालचं इथून काही दिसत नव्हतं. घनश्याम तिच्या मागे दोन पावलं जाऊन थांबला. बोललो तर उद्यापासून फाटक बंद. नाही बोललो तर? पुढचा विचार करायचीही त्याला भीती वाटली.

"शकू, थांब वं! तिकडं जाऊ नको!" त्याचा आवाज फाटला. "साहेब, सगळेच बंद करा. सील चांगले होते. म्याच उलटे बसवले, चारही."