रापणीवरची माणसं

शालनबाईच्या खानावळीत उकड्या तांदळाचा भात नि सुक्या बांगड्याचं कालवण मिळायचं, आणि जेवायला बसायचे ते सगळे एकाच गावचे, समुद्रकाठच्या तारकोंडचे. सत्तावन्न साल होतं. पिंपरीत, खानावळीच्या जवळच, औषधांची नवी कंपनी उभी राहत होती. लोक म्हणायचे, बाई किती परोपकारी! गावची माणसं एकेक करून बोलावते, कंपनीतल्या मुकादम उद्धवरावांना सांगून कामाला लावते. परोपकार कसला डोंबलाचा! सूड होता तो, आणि बाई तो मंद आचेवर, सावकाश शिजवत होती.

तारकोंडला रापण ओढतात. होडीतून मोठं जाळं समुद्रात सोडायचं आणि त्याच्या दोन्ही टोकांच्या दोऱ्या किनाऱ्यावरून माणसांनी ओढायच्या. चाळीस जण तरी हवेतच. रीत अशी, की दोरीला ज्याचा हात लागला त्याला मासळीचा वाटा मिळालाच पाहिजे, मग तो वाटेवरचा परका का असेना. नवरा वादळात गेला तेव्हा पोटासाठी शालननेही दोरी धरली. रापणीचा मालक चिमाजी धावत आला. साऱ्या गावासमोर त्याने तिच्या हातातून दोरी हिसकली आणि ओरडला, "रांडमुंडेचो हात लागलो तर मासो पळता!" तिने तारल्यांची बारकी मासळी मूठभर मागितली, ती त्याने कोंबड्यांपुढे टाकली. गावातला एक माईचा लाल तोंडातून ब्र काढेल तर शपथ!

तेव्हाच बाईने ठरवलं, ह्याची रापण आडवी करायची. जाळं फाडून उपयोग नव्हता, नवं विणलं असतं मेल्याने. माणसंच काढून न्यायची. म्हणून तिने पिंपरी गाठली आणि कंपनीच्या कामगारांसाठी खानावळ घातली.

आणि नेली की! आधी दीर आला, मग त्याचे दोघे मेव्हणे. शिमग्याला घरी गेलेले परतताना सहा जणांना घेऊन आले. महिन्याला रोख पगार, रविवारी सुट्टी. मग कोण बसतंय मासा कधी लागतो म्हणून लाटांकडे बघत? तीन वर्षांत तारकोंडची निम्मी घरं कुलपात गेली.

नारळी पुनवेनंतर एका दुपारी चिमाजी स्वतःच खानावळीच्या दारात उभा राहिला. सोबत त्याचा एकुलता एक मुलगा, यशवंत. बाईने पाट मांडले, पाणी दिलं, ताटं वाढली. चिमाजीचा हात भातात जाईना.

"शालनबाय, गावात नुसती म्हातारी रवली गो. रापण वाळूत पडान आसा, ओढूक माणसां नाय. दहा जणांक तरी परत धाड. हात जोडतंय."

"माका कशाक विचारतंस? हे बसले हत, त्यांकाच विचार."

चिमाजीने पंगतीकडे पाहिलं. सगळ्यांच्या माना ताटात. सोनबा तेवढा म्हणाला, "काका, माजी शिफ्ट आसा," आणि हात धुवून सटकला.

बाई यशवंतकडे वळली. "तुजां वय किती रे?"

"बावीस."

"शिकलंस काय?"

"सातवी पास."

"मगे उद्या सकाळी माज्यावांगडा चल. उद्धवरावांक सांगतंय."

चिमाजी ताडकन उठला. "ह्येका नको गो! माका ह्यो एकटोच!"

"त्याका विचार."

यशवंतने बापाकडे पाहिलं, पंगतीतल्या गावकऱ्यांकडे पाहिलं. "बाबा, थंय रवान मी काय करू? जाळ्याक राखण?" त्याने काखोटीची वळकटी भिंतीला टेकवली आणि पुढ्यातलं ताट ओढून घेतलं.

चिमाजी दाराकडे निघाला, तशी बाईने त्याला खांद्याला धरून पुन्हा पाटावर बसवलं. "भरल्या ताटावरसून उठू नये. जेव आणि मगे जा."

तो जेवला. डोळ्यांतून पाणी गळत होतं, तरी जेवला. बाई समोर उभी राहून पुन्हा पुन्हा भात वाढत होती, आणि उभ्या जन्मात कुणाला वाढताना तिला एवढं बरं वाटलं नव्हतं.