दोन लाल वायरी

मित्रांनो, हिंगणीच्या कोकिळाताईंच्या कोंबड्यांच्या शेडमध्ये दारामागे जी पांढरी चौकोनी डबी दिसते, ती म्हणजे मी. माझं नाव थर्मोस्टॅट. ताईंच्या सासूबाई शकुबाई मात्र मला 'आकडेवालं' म्हणतात.

कारखान्यात मला एवढंच शिकवलं होतं: गारठा वाढला की हीटरला हुकूम सोडायचा, उकाडा वाढला की कूलरला, आणि मोबाईलवर खबर द्यायची. मला वाटायचं, आपण एखाद्या बंगल्यात जाऊ. नशिबात निघाली पाचशे पिल्लं.

मार्च महिना होता. पहाटे थंडी, दुपारी नुसता जाळ. म्हणून शेडमध्ये कोपऱ्यात हीटर आणि खिडकीत कूलर, दोन्ही होते. हीटर घरच्या लाइनवर, कूलर सोलरवर. दुर्गेश वायरमननं माझ्या पोटातली, गरम आणि थंड या दोन्ही बाजू जोडणारी पितळी पट्टी काढली. "दोघायची लाइन अलग हाय, वहिनी. पट्टी ठेवली तं भडका होईन," तो ऐटीत म्हणाला.

हे त्यानं अगदी बरोबर केलं. पण त्याच्याजवळ वायरचं एकच बंडल होतं, लाल. त्यानं दोन्ही यंत्रांच्या वायरी त्यातूनच माझ्यापर्यंत ओढल्या, स्क्रू आवळले, माझा दिवा लागलेला पाहिला आणि चहा पिऊन निघून गेला. चालवून कुणीच पाहिलं नाही.

ताई खाद्य आणायला सेलूला गेल्या. दुपारी शेड तापली. मी हुकूम सोडला, "थंड कर!" आणि कोपऱ्यातला हीटर लालबुंद झाला. मोबाईलवर मात्र निळी खूण: थंड करणे सुरू. आकडा चढताना पाहून ताईंनी तिकडून मला आणखी थंड करायला सांगितलं. मी इमानदारीनं ओरडत राहिलो, हीटर इमानदारीनं तापत राहिला.

शेवटी ताईंनी घरी फोन लावला. "आई, मशीन थंड करून राह्यली, पण आकडा वाढून राह्यला. जरा पाहता का?"

शकुबाईंनी दार उघडलं. माझ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. पिल्लं लांबच्या भिंतीला चिकटून चोची वासून बसली होती. "थंड कुठलं वं? पिल्लं भाजून राह्यली इथं!" त्यांनी खटाखट बटणं बंद केली, पडदे वर केले, जाळीवर ओली पोती टाकली. हळूहळू एकेक चोच मिटली. एकही पिल्लू दगावलं नाही.

संध्याकाळी दुर्गेश आला. "मशीनच खराब निंगाली," म्हणाला. मित्रांनो, मला फार लागलं ते! पण ताईंनी लाइन बंद करून मला उघडायला लावलं आणि बोटानं वायरीचा माग काढला. 'थंड' लिहिलेल्या खाचेतली वायर थेट हीटरकडे गेली होती.

दुर्गेशनं कान खाजवला. "अदलाबदल झाली, वहिनी."

"काऊन रे," शकुबाई म्हणाल्या, "शर्ट-पँटची तं नाई करत ना?"

वायरी बदलल्या, कूलरच्या वायरीला निळी टेप लागली. मग ताईंनी आकडा वर-खाली करून दोन्ही यंत्रांपुढे उभं राहून हवा अंगावर घेतली, तेव्हा कुठे दुर्गेशला जाऊ दिलं.

मित्रांनो, मला हुकूम सोडता येतो, पण तो कुठे पोचला ते मला दिसत नाही. म्हणून मला भिंतीवर टांगून निर्धास्त होऊ नका. शकुबाई आता रोज सकाळी आधी पिल्लांकडे पाहतात. ती मोकळी पसरून दाणे टिपत असली, तरच पदरानं माझी धूळ पुसतात आणि म्हणतात, "जाय, आजच्या दिवस पास."